नाचणीच्या डब्यातला दगड

"माझा शेवटचा दगड बघितलास का गं?" सुजितनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

तो मागच्या पडवीत फरशीवर बसला होता. पुढं ओल्या फडक्यावर चार पट्ट्या ओळीनं मांडलेल्या. त्यांना तो दगड म्हणायचा, पण त्या होत्या तळहाताएवढ्या पोलादी पट्ट्या, वर हिऱ्याची भुकटी बसवलेली. पहिली हाताला कानशीसारखी लागायची, दुसरी त्याहून मऊ, तिसरी आणखी मऊ. शेवटची, पाचवी, इतकी बारीक की डोळे मिटून बोट फिरवलं तर काचच वाटावी. तिची जागा फडक्यावर रिकामी होती.

"काल संध्याकाळी इथंच होता."

"आत्यांनी उचलून ठेवला असेल."

"मी न्हाय बाई हात लावत त्याच्या हिऱ्यास्नी," आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून म्हणाल्या. "हिऱ्याचा हाय तर बायकोच्या बोटात घालायचा. हितं सुऱ्या कशाला घासतूस? मी बघ, विळी पायरीवर चार बारी घासती, वरीसभर भाजी कापती."

एरवी सुजित यावर हसायचा. म्हणायचा, आई, तुझी विळी भाजी कापत नाही, फाडते. त्या दिवशी तो हसला नाही. त्यानं फडकं उचललं, खाली बघितलं, परत ठेवलं. मग उठून फळीवरचे डबे हलवायला लागला. मी जाईला खांद्यावर घेऊन दारात उभी होते आणि तो कुठला डबा उचलतो ते बघत होते.

दगड मीच लपवला होता. स्वयंपाकघरातल्या नाचणीच्या डब्यात, हात कोपरापर्यंत खुपसून, पार तळाशी.

कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. लेकरू आहे घरात, उद्या रांगायला लागेल, एवढी धार हवीच कशाला? हे मी आत्यांना म्हणाले होते, आईला फोनवर म्हणाले होते, स्वतःलाही सारखी म्हणत होते.

सुजित पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये शेफ होता. लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. आम्ही गावी आलो, कोयना धरणाच्या फुगवट्याच्या काठी. घरातल्या चार खोल्या पर्यटकांना द्यायच्या, सुजितनं स्वयंपाक करायचा, असं ठरलं होतं. पर्यटक आले नाहीत. आला तो पाऊस, आणि पावसात जाई जन्मली. वाईला माहेरी दीड महिना राहून मी तिला घेऊन लाँचनं पाणी ओलांडून परत आले तेव्हा धक्क्यावर उभा असलेला माणूस मला क्षणभर ओळखू आला नव्हता. दाढी अस्ताव्यस्त वाढलेली. बशीत कप ठेवला की कप वाजायचा. जाईला घे म्हटलं की म्हणायचा, "नको, पाडेन मी."

दगड आणि सुऱ्या तेवढ्या त्याच्या हातात स्थिर राहायच्या. सकाळी बसला की दुपार व्हायची. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि पातं एकाच कोनात पुढं, मागं. "दाब द्यायचा नाही," एकदा त्यानं मला दाखवलं होतं. "शेवटच्या दगडावर तर अजिबात नाही. पातं आपल्या वजनानं जाऊ द्यायचं. दाबलं की मोडलं." मग हाक मारायचा, "केतकी, एक केस दे ना. कंगव्यातला नको, डोक्यावरचा." मी केस द्यायची. तो केस एका चिमटीत लोंबता धरायचा आणि पातं नुसतं टेकवायचा. केस आपोआप तुटून खाली पडला की धार जमली. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. मग मी केस देणं बंद केलं. तेव्हा तो हातावरची लव काढून धार बघायला लागला. डावा हात कोपरापासून खाली गुळगुळीत होत चालला होता.

मी ते रोज बघत होते. बीएस्सीला आम्हाला निरीक्षणवही ठेवायला लावायचे. ती सवय गेली नव्हती. जाईनं किती दुपटी ओली केली, किती मिनिटं दूध प्यायली, सुजित रात्रीत किती वेळा उठला, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं.

त्या दिवशी मात्र डोक्यात काही राहिलं नाही, कारण जाई रडायची थांबेना.

सकाळी अंघोळ घातली, धुरी दिली, गुंडाळली, पाजलं. झोपली, आणि थोड्याच वेळात किंचाळून उठली. नुसतं रडणं नव्हतं ते. तोंड उघडायची आणि आवाज यायच्या आधी तिचा चेहरा काळानिळा व्हायचा.

"पोट धरलंय," आत्या म्हणाल्या. हिंगाचं पाणी पोटाला लावलं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. घुटी दिली, ती तिनं ओकून टाकली.

"ताप नाही," मी थर्मामीटर बघून म्हणाले. "पोट मऊ आहे. कानाला हात लावला तरी काही नाही."

"मग दिष्टच हाय. काल धक्क्यावर न्हेलीस न्हवं? शंभरदा म्हनलं, तीट लावल्याबिगर न्हिऊ नको."

त्यांनी मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन जाईवरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. मिरच्या तडतडल्या. आम्ही तिघीही श्वास रोखून होतो असं मला वाटलं, पण जाई रडतच होती.

"बघ," आत्या म्हणाल्या, "ठसका लागला का कुनाला? एवढ्या मिरच्या जळल्या! म्हंजी लई मोठी दिष्ट हुती. आता ऱ्हाईल."

रडायची राहिली नाही. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. बसलेल्या आवाजात ती मांजराच्या पिल्लासारखी रडत होती आणि ते मला आधीच्या किंचाळण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटत होतं. सुजित पडवीतून दोनदा दारापर्यंत आला आणि परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "दगड सापडत नाहीये."

"तुम्हाला दगड सुचतोय?" मी ओरडले. आत्यांसमोर मी त्याला अहो-जाहो करायची, ते तेवढं राहिलं. "पोरगी मरायला टेकलीय इथं!"

तो तसाच उभा राहिला.

मी जाईला सतरंजीवर ठेवलं आणि सगळे कपडे उतरवायला लागले. एखादी मुंगी, एखादी पिन, काहीतरी असेल. टोपडं काढलं, झबलं काढलं, दुपटं सोडलं. अंगावर कुठं काही नाही.

"मोजं ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "वारं कसं सुटलंय बघ. पायातनं गारठा चढतुया."

उजवा मोजा ओढला. पाऊल गुलाबी, गरम. डावा ओढला, आणि जाईनं असा हंबरडा फोडला की माझे हात जागीच थांबले.

डाव्या पायाचं मधलं बोट जांभळासारखं झालं होतं. तसंच टपोरं, तसंच काळं, चकचकीत. आणि बुडाशी, जिथून ते सुरू होत होतं, तिथं कुणीतरी आवळून बांधल्यासारखी खोल चीर. पण बांधलेलं काहीच दिसत नव्हतं.

"आगं बया," आत्या खालीच बसल्या. "जिवानु, इच्चू-किरडू चावलं का काय?"

मी मोबाईलचा उजेड पाडला. मोजा उलटा केला. आत लोकरीत माझे लांब केस अडकलेले होते, एक, दोन, कितीतरी. आणि मला कळलं.

बाळंतपणानंतर माझे केस मूठमूठ गळत होते. न्हाऊन झालं की मी शेगडीपाशी बसायची. आमच्या खोऱ्यात पावसाळ्यात उन्हावर काही वाळतच नाही, म्हणून निखाऱ्यांवर बांबूची मोठी टोपली पालथी घालतात. त्या टोपलीवर जाईची बाळोती, टोपडी, उलटे केलेले लोकरीचे मोजे. आणि त्याच उबेवर, त्याच टोपलीवर, माझे ओले केस पसरलेले. घराघरात बाळंतिणी तशाच बसतात. आत्या तशाच बसल्या होत्या, त्यांच्या सासूही.

"केस आहे," मी म्हणाले. "बोटाला केस गुंडाळलाय. आत रुतलाय."

"केसानं असं हुतंय व्हय?"

मी सुई आणली. चिरेत टोक घालायला गेले तर जाईनं पाय झाडला आणि रक्ताचा ठिपका आला. नखं काढायची छोटी कात्री आणली, तिचं टोक आत शिरेना. माझे हात घामानं निसटत होते. बोट सुजून दोन्ही बाजूंनी चिरेवर आलं होतं आणि केस त्या दोन सुजींच्या मध्ये कुठंतरी खाली होता.

सुजित तोवर निघून गेला होता. मला वाटलं, पळाला. पण तो धक्क्यावर गेला होता. भिजून परत आला.

"लाँच नाही निघणार. लाटा बघ केवढ्या आहेत. वारा पडेपर्यंत कुणी इंजिन चालू करणार नाही म्हणतात."

"रस्त्यानं?"

"घाटात दरड आलीय सकाळीच."

फोनला रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी यायची. मी जाईला आत्यांच्या मांडीवर टाकून, बोटाचा फोटो काढून चिखलातून वर धावले. वाईच्या ज्या डॉक्टरीणबाईंनी जाईला पहिली लस दिली होती, त्यांना फोटो पाठवला आणि फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"केसच आहे," त्या म्हणाल्या. "मी असं पाहिलंय. घरात केस काढायचं क्रीम आहे?"

"नाही हो."

"कधीपासून रडतेय?"

"सकाळपासून. आणि रस्ता बंद आहे, लाँच बंद आहे."

रेंज गेली की काय म्हणून मी हॅलो हॅलो करत राहिले.

"ऐका," त्या म्हणाल्या. "खरं म्हणजे हे मी फोनवर सांगायला नको. पण रक्त पोचत नाहीये, आणि संध्याकाळपर्यंत थांबलात तर बोट जाईल. केस कापायला लागेल. खूप बारीक धारेचं काहीतरी घ्या, उकळून घ्या. बाजूनं कापू नका, बाजूनं नसा असतात. बरोबर वरून, बोटाच्या लांबीच्या दिशेनं. केसाला आडवं. थोडी कातडी कापली तरी चालेल, पण केस तुटलाच पाहिजे. सगळे वेढे. घरात हात स्थिर असलेलं कुणी आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आत फोन कट झाला. नंतर लागलाच नाही.

टाकीपासून घरापर्यंत उतरताना तोच प्रश्न माझ्या कानात होता. घरात हात स्थिर असलेलं कुणी आहे का? माझे हात मला दिसत होते. आत्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता.

मी घरात शिरले आणि जे ऐकलं ते तसंच्या तसं सांगितलं.

"दाढीचं पान घ्या की," आत्या म्हणाल्या. "सुज्याची पानं हैत न्हवं, मोरीच्या फळीवर?"

"नाहीत," मी म्हणाले.

"परवापातूर हुती. पाकीट हुतं आख्खं."

"नाहीत म्हटलं ना, आत्या."

सुजितनं माझ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ डोळ्यांत बघितलं. मी नजर हलवली नाही.

तो पडवीत गेला आणि हॉटेलमधून आणलेली सुऱ्यांची गुंडाळी घेऊन आला. सोडली. मोठ्या सुऱ्या एकेक करून बाजूला ठेवल्या. त्यांचं पातं जाईच्या पावलाहून रुंद होतं. शेवटी राहिला एक बोटभर पात्याचा सोलायचा चाकू. त्याचं टोक तुटलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"तुपाच्या डब्याचं झाकन निघना झालं," आत्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "मला काय ठावं रं बाबा..."

"असू दे आई." त्यानं चाकू उजेडात धरला. "टोक नवीन काढतो. पण..." त्यानं फडक्यावरच्या चार पट्ट्यांकडं बघितलं. "या चारांवरची धार करवतीसारखी असते. ओढली तरच कापते. मला ओढायला जागा नाही. एवढीशी चीर आहे. नुसतं टेकवल्यावर केस तुटला पाहिजे, नाहीतर मी बोटच कापीन. केतकी, तो दगड पाहिजे."

जाई आत्यांच्या मांडीवर आवाज न करता रडत होती.

आज मला कुणी विचारलं की आयुष्यात सगळ्यात लांब कुठला रस्ता चाललीस, तर मी सांगेन, त्या खोलीतून नाचणीच्या डब्यापर्यंतचा. डबा उघडला. हात घातला. नाचणी थंड होती. बोटांना काचेसारखा तो गुळगुळीतपणा लागला आणि मी तसाच हात आत ठेवून उभी राहिले. देऊ? याच्या हातात देऊ? रात्री पडवीत दिवा न लावता बसणाऱ्या, स्वतःच्या मनगटाकडं टक लावून बघणाऱ्या या माणसाच्या? आधी त्याच्या हातात ती धार, आणि मग त्या धारेखाली माझी जाई?

"केतकी, आगं कुठं गेलीस?" आत्या ओरडल्या. "बोट आनिक काळं पडाय लागलं गं!"

मी दगड त्याच्या हातात दिला. पट्टीच्या कडेला नाचणीचे दाणे चिकटले होते. त्यानं ते अंगठ्यानं पुसले. कुठं होता, का होता, काही विचारलं नाही.

पहिल्या पट्टीवर त्यानं तुटलेलं टोक घासून काढलं. कर्र, कर्र. तो आवाज माझ्या दातांत शिरत होता. मग दुसरी. तिसरी.

"लवकर, सुजित." आत्यांसमोर मी त्याला नावानं हाक मारली. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"घाई केली की मोडते," तो म्हणाला. त्याचा आवाज किचनमधल्यासारखा झाला होता, लग्नानंतर पहिल्यांदा मला हॉटेल दाखवायला नेलं होतं तेव्हासारखा. "पाणी उकळायला ठेव. स्वच्छ फडकं काढ. आई, तिचा गुडघा असा धर, नाही, वरून नको, खालून."

चौथी. आणि मग ती. तिच्यावर आवाजच होत नव्हता. पातं काचेवरून सरकावं तसं जात होतं, आपल्या वजनानं, पुढं, मागं. मी त्याची बोटं बघत होते. सकाळी कप वाजवणारी बोटं. ती हलत नव्हती.

"एक केस दे."

मी डोक्यातून एक ओढला. दुखलं की नाही ते कळलं नाही. दोन्ही टोकं ताणून धरायला गेले.

"ताणू नको. सोड एक टोक. ढिला पाहिजे."

त्यानं पातं टेकवलं. केस वाकला, पात्याच्या कडेनं घसरला. तो पुन्हा दगडावर गेला. जाईनं आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाली. पूर्ण गप्प. मला वाटलं, आता सगळंच संपलं.

"झोप आली तिला, दमली पोर," आत्या पुटपुटल्या. "जननीमाते, सांभाळ गं बाई. माझ्या पोरालाबी सांभाळ."

"दे."

मी दुसरा केस धरला. पातं टेकलं आणि केसाचा खालचा तुकडा हवेत जरासा तरंगून खाली पडला. मला वाटतं आम्ही तिघांनीही तो पडताना बघितला.

त्यानं चाकू उकळत्या पाण्यात धरला, फडक्यावर ठेवला, हात साबणानं धुतले. मग फरशीवर मांडी घालून बसला आणि डावा तळवा पुढं केला.

मी जाईचं पाऊल त्याच्या तळव्यात ठेवलं. तिला त्यानं असं हातात घेतलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

"तू तिकडं बघ," तो म्हणाला.

"नाही. मी बघणार."

"केतकी, तू बघितलंस की मला..."

"मी बघणार, सुजित. उजेड मीच धरणार आहे."

मी उजेड धरला. त्यानं दोन बोटांनी जांभळं बोट पकडलं, चीर थोडी फाकवली. चाकूचं नवं टोक, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, बरोबर वरून, लांबीच्या दिशेनं आत गेलं. त्यानं दाबलं नाही. नुसतं टेकवलं आणि थांबला. त्याच्या कपाळावरून एक थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथंच लोंबत राहिला. मी हात लांब करून तो पुसला.

टच्. इतका लहान आवाज की मला तो ऐकू आला की दिसला, सांगता येणार नाही. मग दुसरा. जाई जागी होऊन किंचाळली. रक्त आलं, काळं, जाड. त्या रक्तात एक बारीक टोक उभं राहिलं.

"चिमटा!"

भुवयांचा चिमटा मी उकळून ठेवला होता. मी टोक पकडलं आणि ओढायला लागले. केस येत राहिला. बोटाभोवती एक वेढा, दुसरा वेढा, अजून एक. माझा केस, माझ्या हाताइतका लांब.

"आहे का अजून?" मी विचारलं.

"बघ तू. उजेड इकडं."

चिरेच्या तळाशी आता नुसतं लाल मांस होतं.

आम्ही तिघं बोटाकडं बघत बसलो. बाहेर पत्र्यावर पाऊस आपटत होता. बोट काळंच होतं. खूप वेळ काळंच राहिलं. आत्या देवाचं नाव घेत होत्या आणि मध्येच "आगं फुंकर घाल की" म्हणत होत्या, जणू चूल पेटवायची होती. मग चिरेच्या वर, बुडाशी, एक पट्टा जरा फिका वाटला. मला वाटलं भास आहे. मी उजेड बंद केला, परत लावला. पट्टा वर सरकला होता. जांभळं, मग करवंदासारखं लालसर, आणि मग, नखाच्या खाली, गुलाबी.

जाई हुंदके देत देत माझ्या छातीला लागली आणि पिताना झोपून गेली.

सुजित उठला नव्हता. चाकू फडक्यावर होता. त्याचा रिकामा तळवा अजून तसाच पुढं होता, आणि आता तो थरथरत होता, बोटांपासून खांद्यापर्यंत, सगळाच. आत्यांनी जवळ सरकून तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"रडून घे, माझ्या राजा," त्या म्हणाल्या. "रडून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. आम्ही जाईला घेऊन लाँचनं पलीकडच्या सरकारी दवाखान्यात निघालो. पाणी तांबडं, गढूळ, पण सपाट होतं. सुजित माझ्या शेजारच्या फळीवर बसला होता.

"ब्लेडं पण तूच फेकलीस?" इंजिनच्या आवाजात त्यानं विचारलं.

"हो."

"जाईसाठी?"

"जाईसाठीच." मग मी म्हणाले, "तिला बाप असावा म्हणून."

तो पाण्याकडं बघत राहिला. दोन्ही हात त्यानं गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते.

"मी काल पहाटेपासून शोधत होतो तो दगड," तो म्हणाला. "सगळीकडं बघितलं. तांदळात बघितलं, गव्हात बघितलं. मनाशी म्हणालो होतो, एकदा नीट धार झाली की..." तो थांबला. "नाचणीत नाही बघितलं."

मी जाईला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं पाडेन म्हटलं नाही.

जाई आता शाळेत जाते. तिच्या त्या बोटाच्या बुडाशी अंगठीसारखा पांढरा वळ आहे, आणि नवी चप्पल घेताना ती तो दुकानदाराला दाखवते. सुजितला सुऱ्या घासायच्या असल्या की तो स्वयंपाकघरात येऊन दगड मागतो. मी नाचणीच्या डब्यातून काढून देते आणि त्याचं होईपर्यंत शेजारी बसते. आमच्या खोल्या आता पर्यटकांनी भरतात. हे सगळं झालं, पण ते लगेच झालं नाही, आणि आपोआप तर मुळीच झालं नाही.

त्या सकाळी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी जाईचं बोट दाबून पाहिलं, नख दाबून सोडून रंग परत येतोय का पाहिलं, भिंग लावून चीर तपासली.

"कुणी कापलं हे?"

"यांनी," मी म्हणाले.

"सर्जन आहात?"

"आचारी," सुजित म्हणाला.

डॉक्टर हसले. मलम लावलं, पट्टी बांधली, औषध लिहून दिलं. "बाळाची काळजी करू नका आता. या तुम्ही."

मी उठले. जाईला दुपट्यात गुंडाळलं, पिशवी घेतली, दारापर्यंत गेले आणि मागं बघितलं. सुजित खुर्चीवरून उठला नव्हता.

"अजून काही?" डॉक्टरांनी विचारलं.

सुजितनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग शर्टाची डावी बाही हळूहळू वर सारली आणि हात टेबलावर, उताणा, डॉक्टरांच्या पुढं ठेवला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "जरा माझंही बघाल का?"

मी परत आत आले. बाकावर बसले. जाईचा मोजा माझ्या मुठीत होता. तो मी उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि झटकला, आणि पुन्हा झटकला.